बाबांच्या लॉनला फवारे बसवण्याचा खर्च

बेल्स फोर्ड, कॅन्सस
२१ जून १९९८

लेनर्ड,

फोनवर मी ओरडते, म्हणून तू म्हणालास काय ते लिहून पाठव. तर हे घे. नववीत शाळा सोडलेल्या बाईचं अक्षर आहे. लागलं नाही तर भिंग घे, पण उत्तर दे.

बाबांच्या खुब्याचं हाड जुळतंय. इस्पितळातून हलवलंय त्या पुनर्वसन केंद्रातली व्यायाम करवून घेणारी बाई म्हणते, ऑगस्टअखेर वॉकर धरून घरात एकटे राहू शकतील. फक्त एक अट. ज्या नळीत पाय अडकून पडले ती नळी पुन्हा हातात दिसता कामा नये. मी म्हटलं, बाई, तुम्ही एलोफ हल्टग्रेनना ओळखत नाही. बत्तीस वर्षं हा माणूस रोज पहाटे पाचला उठून नळी ओढतोय, दर वीस मिनिटांनी जागा बदलतोय. गवत तहानलेलं दिसलं की हे खुर्चीत बसणार आहेत का? मी भेटायला गेले की दुखतंय का, जेवलात का, हे मीच विचारते. ते एकच विचारतात, "नेडीन, उत्तरेच्या कोपऱ्याला पाणी घातलंस का?"

घालते. कामावर जायच्या आधी घालते आणि शिव्या देत घालते. इस्पितळाच्या लाँड्रीत दिवसभर ओल्या चादरी उचलायच्या आणि त्याआधी तासभर ही नळी. माझीही कंबर एकावन्न वर्षांची आहे.

म्हणून ठरवलं. लॉनखाली पाईप घालायचे, फवारे बसवायचे, भिंतीवर घड्याळ लावायचं. घड्याळ पाणी सोडेल, घड्याळच बंद करेल, बाबा खिडकीतून बघतील. एका ठेकेदाराला बोलावलं होतं. त्याने नव्या बुटांनी लॉनभर फिरून कागदाच्या तळाला तीन हजार तीनशे ऐंशी डॉलर लिहिले. मी विचारलं, पाणी सोडणार आहेस की दूध? गेला.

बाबांच्या खात्याचा कागद तुझ्या नावावर आहे. किती देतोस ते सांग.

नेडीन


फिनिक्स, ॲरिझोना
२९ जून १९९८

प्रिय नेडीन,

तुझं पत्र मिळालं. अक्षर व्यवस्थित लागलं.

मुद्द्याचं लिहितो. बाबांनी इस्पितळात सही केलेल्या कागदाप्रमाणे मी त्यांच्या खात्यातून एका कामासाठी हजार डॉलरपर्यंत काढू शकतो. त्यापेक्षा जास्त लागले तर त्यांची स्वतःची सही लागते. ती ते देणार नाहीत हे तुलाही माहीत आहे. लॉनला घड्याळाने पाणी घालायचं म्हटलं तर ते केंद्रातूनच नळी मागवतील.

खरं सांगायचं तर मला लॉनच नको वाटतं. माझ्या घरापुढे खडी आहे. सहा वर्षांत तिला थेंबभर पाणी लागलेलं नाही. तोही खर्च तू विचारून बघावास.

विम्याने भरलेले केंद्राचे दिवस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतात. तोवर घर त्यांच्यासाठी सुरक्षित झालं नसेल, तर त्यांना वृद्धाश्रमात हलवावं लागेल आणि त्याच्या खर्चासाठी घर विकावं लागेल; तो अधिकार त्या कागदाने मला दिलाय. अजून मी काहीही ठरवलेलं नाही. पण तीस ऑगस्ट ही शेवटची तारीख समज.

हजारात बसणारा हिशेब पाठव. अंदाज नको, आकडे हवेत.

तुझा,
लेनर्ड


बेल्स फोर्ड
८ जुलै

लेनर्ड,

खडी तू तुझ्याकडेच ठेव. बाबा वॉकरवरून वाकून एकेक खडा वेचतील आणि तुला टपालाने पाठवतील.

आकडे हवेत ना. मी पाच गॅलनची बादली बाहेरच्या नळाखाली ठेवली आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन उभी राहिले. एकतीस सेकंदांत भरली. मग टेपने लॉन मोजलं. कागद घेऊन सामानाच्या दुकानात गेले. तिथल्या म्हाताऱ्याने चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाला, "हे कोणी काढलं?" मी म्हटलं, "मी. का?" म्हणाला, "ठेकेदार बादली भरून बघत नाहीत, म्हणून विचारलं." तर एवढ्या पाण्यावर चार भाग करायचे, एका वेळी एकच भाग चालेल. एकदम सगळे लावले तर फवारे उडणार नाहीत, नुसते थुंकतील.

सहाशे फूट पाईप, एकशे बत्तीस डॉलर. एकतीस फवारे, सहाला एक, एकशे शहाऐंशी. त्यात घासाघीस करून बघितली, म्हातारा हलला नाही. चार व्हॉल्व्ह छप्पन्न. घड्याळ पंच्याऐंशी. यापेक्षा स्वस्त होतं, पण त्याचे आकडे इतके बारीक की बाबांना दिसणार नाहीत आणि दिसले नाहीत तर ते खोलून बघतील. वायर तीस. जोड, कोपरे, चिकटवायचा डिंक मिळून साठ. चर खणायचं मशीन एका दिवसाच्या भाड्याने एकशे दहा, ते मी चालवणार. नगरपालिकेचा परवाना पस्तीस. बागेतलं पाणी उलटं फिरून पिण्याच्या नळात येऊ नये म्हणून एक व्हॉल्व्ह लागतो, तो एकशे चाळीस. आणि मुख्य पाईपाला जोड द्यायला परवानावाला प्लंबरच लागतो, तो दोनशे पंचवीस. त्याने अजून हातही लावलेला नाही आणि आकडा सांगून मोकळा झालाय.

सगळे मिळून एक हजार एकोणसाठ. तीनदा बेरीज केली. शिवाय दर ऑक्टोबरला पाईपांत हवा मारून घ्यायचे पंचेचाळीस, ते दर वर्षीचे वेगळे.

आता चेक पाठव.

नेडीन


फिनिक्स
१६ जुलै

प्रिय नेडीन,

बेरीज बरोबर आहे. मी एकदाच केली.

पण हजाराच्या वर एकोणसाठ जातात. उलट्या पाण्याचा व्हॉल्व्ह वगळला तर हिशेब आरामात बसतो. पाईपांत हवा कशासाठी मारायची हे मला कळलं नाही. ठेकेदार लोक असले खर्च चिकटवून देतात.

सोबत हजार डॉलरचा चेक आहे. प्रत्येक वस्तूची पावती मला पाठव. कमी पडलेले पैसे तू तुझ्या खिशातून घालू नकोस, हे मी स्पष्ट लिहितो. उद्या घराचा प्रश्न निघाला तर तू त्यात पैसे घातलेस अशी गुंतागुंत मला नको. राग मानू नकोस, पण त्या घरात तुझा जीव अडकलाय हे मला समजतं.

घराबद्दल अजून काहीही ठरलेलं नाही.

तुझा,
लेनर्ड


बेल्स फोर्ड
९ ऑगस्ट

लेनर्ड,

आधी तुझ्या शहाणपणाला उत्तर. उलट्या पाण्याचा व्हॉल्व्ह नगरपालिका वगळू देत नाही, नाहीतर बाबांच्या कॉफीत लॉनचं खत येईल. आणि हवा कशासाठी म्हणून विचारतोस? तू कॅन्ससमध्ये जन्मलास ना? पाईपात पाणी राहिलं की डिसेंबरात गोठतं आणि गोठलं की पाईप फुटतो. खडीवर राहून राहून तू थंडीसुद्धा विसरलास.

एकोणसाठ डॉलर कुठून आणणार म्हणून प्लंबरने विचारलं, तेव्हा मी म्हटलं होतं, खणताना निघतील. तो हसला. आता ऐक काय निघालं ते.

खणायच्या आधी गॅस-विजेच्या कंपन्यांच्या एका नंबरावर फोन करावा लागतो, मग माणूस येऊन जमिनीत छोटे झेंडे लावून जातो. पिवळे गॅसचे, निळे पाण्याचे, लाल विजेचे. मी फोन केला. माणूस आला, झेंडे लागले, लॉन वाढदिवसाच्या केकसारखं दिसायला लागलं. झेंडे नाहीत तिथे खुशाल खणायचं असं मला वाटलं. काल सकाळी सातला मशीन चालू केलं. उत्तरेच्या बाजूने जात होते, जवळपास एकही झेंडा नाही, आणि खडाक. मशीनने उडी मारली. वास आला, कुजका. मी मशीन बंद केलं आणि गॅस, गॅस म्हणून ओरडत रस्त्यावर पळाले. माझा आवाज तुला माहीत आहे. अख्खी गल्ली बाहेर आली. समोरची कॉर्नीलिया केसांना रोलर लावलेली आणि हातात मांजर. आगीचा बंब आला. बंबवाला खड्ड्यात उतरला, पाईपाच्या तोंडात बोट घातलं, चिखल काढला आणि म्हणाला, "बाई, हा पाईप कुठून येत नाही आणि कुठे जात नाही. तुम्हाला वास येतोय तो मेलेल्या मुळांचा."

झेंडेवाला कंपनीच्या कागदावर असतं तेवढंच दाखवतो. घरमालकाने स्वतःच्या हाताने काय पुरलं ते त्याच्याकडे नसतं. हे कोणी मला सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल. दोन तास गेले, पण भाडं एका दिवसाचं होतं, म्हणून अंधार पडायच्या आत चारही बाजू खणून काढल्या.

पाईप लोखंडी आहे, गंजलेला. उत्तरेच्या कडेने सरळ चाळीस फूट आणि मग एकदम संपलेला. टोकाला लाकडी बुच. कोणी घातला? बाबांना विचारलं नाही, कारण विचारलं तर मी लॉन खणलं हे सांगावं लागेल. तुला काही माहीत आहे का?

आता दुसरं. मी चरात गुडघ्यावर बसून डिंक लावत होते तेव्हा एक बाई आली. उंच टाचा, गळ्यात कॅमेरा. म्हणाली, घराचे फोटो काढायचेत, विक्रीच्या जाहिरातीसाठी. मी म्हटलं, घर चुकलं. तिने कागद दाखवला. तुझी सही. तारीख दोन जुलै.

दोन जुलै, लेनर्ड. सोळा जुलैला तू मला लिहिलंस, अजून काहीही ठरलेलं नाही. म्हणजे सही करून चौदा दिवस झाल्यावर. परत जाताना त्या बाईच्या टाचा चराच्या मातीत रुतल्या. मी हात दिला नाही.

आणि तुला वाटतं मला घर हवंय. मला ते घर नकोय. त्या घरात मी आईचं आजारपण काढलंय, शाळा त्यापायी सोडलीय. मला माझं दोन खोल्यांचं घर पुरतं. मला बाबा त्यांच्या खिडकीत हवेत, बस्स. तीस तारखेपर्यंत फवारे चालू होतील. तुझ्या बाईला सांग, सपाट चपला घालून ये.

नेडीन


फिनिक्स
१७ ऑगस्ट

नेडीन,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

पाईप मी घातलाय. मी आणि बाबांनी. १९६६चा उन्हाळा. तू फ्लॉइडशी लग्न करून विचिटाला निघून गेली होतीस, बाबांशी बोलत नव्हतीस, म्हणून तुला माहीत नाही. मी सतरा वर्षांचा होतो. फवारे बसवायचे असं बाबांनी ठरवलं, त्यासाठी पैसे साठवले. मशीन नव्हतं. दोघांनी फावड्याने चर खणला, रोज संध्याकाळी थोडा थोडा. बाबा बोलत नसत, तुला माहीत आहे. पण त्या उन्हाळ्यात बोलायचे. चाळीस फूट झालं आणि कॉलेजचं पत्र आलं. फी भरायची होती. एका संध्याकाळी ते म्हणाले, आज चर बुजवू. मी बुच ठोकलं आणि बुजवला. त्यानंतर त्यावर एक शब्द नाही.

मी कॉलेजात गेलो आणि ते नळी ओढायला लागले. जेव्हा जेव्हा घरी आलो तेव्हा तेच चित्र. पहाटे खिडकीतून बघायचं, तर हा माणूस माझी फी ओढत लॉनभर फिरतोय. मग मी यायचंच कमी केलं. मे महिन्यात तू फोनवर सांगितलंस की नळीत पाय अडकून पडले, तेव्हा मला वाटलं, ते लॉन एकदाचं माझ्या नजरेआड होऊ दे. दोन जुलैची सही त्यासाठी होती. पैशांसाठी नव्हती. खोटं लिहिलं ते चूक झालं.

गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांच्या मागे एक कॉफीचा पत्र्याचा डबा असेल, बाबांनी टाकला नसेल तर. त्यात बारा पितळी फवारे आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. पैसे परत मिळत नव्हते म्हणून तसेच राहिले.

लेनर्ड


बेल्स फोर्ड
२६ ऑगस्ट

लेनर्ड,

डबा मिळाला. बारा आहेत, बाराही चांगले. व्हिनेगरात घालून दात घासायच्या ब्रशने घासले. दुकानातल्या म्हाताऱ्याला दाखवले. म्हणाला, असे आता बनत नाहीत, पण नव्यात मिसळू नकोस, यांचं पाणी जास्त पडतं, एका भागात सगळे हेच लाव. मी म्हटलं, उत्तरेच्या भागात बाराच लागतात. नवे बारा त्याने परत घेतले आणि बहात्तर डॉलर मोजून दिले. एक हजार एकोणसाठातून बहात्तर गेले, नऊशे सत्त्याऐंशी राहिले. मी म्हटलं होतं ना, खणताना निघतील.

मग मी केंद्रात गेले आणि एक फवारा बाबांच्या हातात ठेवला. तू नको म्हणाला असतास, म्हणून तुला विचारलं नाही.

बराच वेळ फिरवून बघत होते. मग म्हणाले, "हा कुठे मिळाला?"

"लेनर्डने सांगितलं कुठे आहे ते."

"लेनर्डला आठवतं?"

मी सगळं सांगून टाकलं. खणलं ते, बंब आला ते, तुझी फी, तुझी दोन जुलैची सही, तू घरी का येत नाहीस ते. व्यायामवाली बाई दारात आली होती, तिला मी हाकलली. मला वाटलं बाबा चिडतील. त्यांनी फवाऱ्याच्या भोकात फुंकर मारली आणि म्हणाले, "फी एकशे नव्वद डॉलर होती. पुढच्या वसंतात माझ्याकडे पैसे आले होते."

"मग पुरं का नाही केलं?"

"तो गेला होता. एकट्याने चर खणण्यात काय मजा आहे?" मग म्हणाले, "नंतर नळीची सवय झाली. सकाळी बरं वाटायचं."

ऐकलंस? बत्तीस वर्षं तू स्वतःला दोषी समजत बसलास. त्यांना तुझ्या फीचं काही नव्हतं. त्यांना खणायला जोडीदार हवा होता.

घड्याळाचं सांगितलं तेव्हा तोंड वाकडं केलं. म्हणाले, "पितळी लावणार असशील तर लाव." शनिवारी एकोणतीसला त्यांना घरी आणतेय. एक दिवस आधीच. प्लंबरने काल जोड दिला, नगरपालिकेचा माणूस बघून सही करून गेला, चारही भाग चालवून बघितले. कुठे गळत नाही. पावत्या सोबत आहेत.

एक खर्च वाढलाय. दहा फुटांची नळी, आठ डॉलर. व्हरांड्याच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीला अडकवलीय. दहा फुटांच्या नळीत पाय अडकत नाही, व्यायामवालीला विचारून घेतलं. एकूण नऊशे पंच्याण्णव. त्या बाईंची जाहिरात कधी मागे घेतोस?

नेडीन


फिनिक्स
३ सप्टेंबर

नेडीन,

करार रद्द केला. त्या बाईंनी चपलांची भरपाई मागितली आहे, ती मी देईन.

बाबांनी खरंच तसं म्हटलं? जोडीदाराचं?

लेनर्ड


बेल्स फोर्ड
१३ सप्टेंबर

लेनर्ड,

मी खोटं लिहायला काय तू आहे का? तसंच म्हटलं.

बाबा घरी आहेत. पहिल्या पहाटे मी तिथेच झोपले होते. पाचला पाणी सुरू झालं तर हे आधीच खिडकीशी वॉकर धरून उभे. म्हटलं, कसं वाटतंय? म्हणाले, "घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे."

मग त्यांनी माशांच्या डब्यांचा उद्योग काढला. पाणी सगळीकडे सारखं पडतंय का बघायला लॉनभर रिकामे डबे ठेवायचे आणि पट्टीने मोजायचं. त्यासाठी नऊ दिवस मला ट्यूना खाऊ घातला. डबे मी ठेवले, ते खुर्चीत बसून आकडे लिहीत होते. सगळीकडे अर्धा इंच. उत्तरेच्या कोपऱ्यात जेमतेम पाव. शेवटचा फवारा दोन फूट पुढे घ्यायला हवा. मी म्हटलं, फावडं कुठेय, आत्ता घेते. तर म्हणाले, "तू नको. तिथला चर ज्याने खणलाय त्याला माती माहीत आहे."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी पडायच्या आत पाईपांत हवा मारायचीय. त्याच्या आधी फवारा सरकवायचा. दहा तारखेला शनिवार येतो. तुझं तिकीट मी खर्चात धरलेलं नाही, ते तू बघ. हजारातले पाच डॉलर उरलेत, ते डब्यात ठेवलेत. त्यात कॉफी आणि डोनट येतात.

तोवर उत्तरेच्या कोपऱ्याला बाबाच पाणी घालतायत. नळी दहा फुटांची आणि कोपरा पंचवीस फुटांवर. व्हरांड्यात उभे राहून नळीच्या तोंडावर अंगठा दाबतात आणि पाणी बरोबर तिथे पोचवतात. व्यायामवालीने घरी येऊन बघितलं, हरकत घेतली नाही, कारण पाय जागचा हलत नाही.

पण लवकर ये. अंगठा ऐंशी वर्षांचा आहे.

नेडीन